तंबूचे दांडे

तंबू आणला. दांडे राहिले घरी,
इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटामागे उभे.
हे कळलं तेव्हा आम्ही रवळ्या-जावळ्यामधल्या पठारावर होतो,
ऊन मार्कंड्याच्या पाठीमागे उतरायला निघालेलं,
आणि अविनाश रिकामी पिशवी उलटी करून झटकत होता,
दोनदा, तीनदा,
दांडे जणू तिच्या सुरकुतीत लपलेत.

कुणी काही बोललं नाही.
आमच्याकडे हे वरचेवर होतं.
निकाल लागल्यापासून निषाद जेवताना फक्त "मीठ" म्हणतो
आणि त्याचे बाबा ते सरकवतात.
मे ते डिसेंबर, एवढाच पत्रव्यवहार.

रेणू नऊ वर्षांची, तिला सगळ्याचीच गंमत.
मुळाणे बारीपासून वर येताना
तिनं विचारलं, अजून किती, अजून किती,
आणि मी म्हणत राहिले, हे काय, आलंच.
हे खोटं बोलायला मी आईकडून शिकले,
ती तिच्या आईकडून शिकली असावी;
आमच्यातल्या कुणालाच डोंगर चढवत नव्हता,
पण प्रत्येकीच्या मागे एक दमलेलं मूल होतं.

वस्तीवरची सोनाबाई शेरडं वळवत आली.
आमचा तो निळा-नारिंगी ढीग तिनं पायानं जरा उचलून पाहिला.
"तंबू कशाला वो? आभाळ फाटलंय का?"
आणि हसली, तोंडातल्या उरलेल्या सगळ्या दातांनी.
जाताना काठी ठेवून गेली, चार गोवऱ्याही.
तिचा कुत्रा मात्र राहिला. आमच्या चिवड्याशी त्याचं जमलं.

मग दोरी निघाली.
एक टोक उंबराला, एक काठीला,
काठी दगडांत. अविनाशची गाठ सुटली.
पुन्हा बांधली. सुटली.
कोकणातून आल्यासारखा वारा सुटला होता, दुसऱ्याच्या घरात
विचारल्याशिवाय भांडी हलवणारा.
निषादनं हातातलं दोरीचं टोक घेतलं,
वळसा, आतून बाहेर, ओढ.
कापड ताठ झालं.

"कुठे शिकलास?"
"यूट्यूबवर."
बराच वेळ काटक्यांचा आवाज.
मग अविनाश म्हणाला, "परत दाखव. सावकाश."

मी कांदा चिरत होते. चिरत राहिले.
कांद्याचं एक बरं असतं.

रात्री सप्तशृंगीवरचे दिवे दिसले,
पलीकडे धोडप, काळोखात त्याहून काळा,
कड्याला ती खाच, दात पडलेल्या पोरासारखी.
रेणूनं विचारलं, रवळ्या आणि जावळ्या भांडले होते का?
म्हणून मध्ये एवढी जागा सोडलीय?
"भांडले नाहीत," निषाद पांघरुणातून म्हणाला,
"मधली माती वाहून गेली."
भूगोलात त्याला एकोणनव्वद होते.
ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

थंडी अशी, की पहाटे आम्ही चौघं
एकाच चादरीवर हक्क सांगत होतो.
कुत्रा धरून पाच.

सकाळी जावळ्या. वरच्या पायऱ्या
इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या म्हणतात;
उरलाय तो नुसता कातळ, आणि अविनाशचा डावा गुडघा.
निषाद आधी वर गेला. वळला.
हात पुढे केला नाही त्यानं,
खाली बसून फक्त बोटानं खोबणी दाखवत राहिला:
इथे. आता उजवा. नाही, उजवा तुमचा.
बाबा ऐकत होते.
सात महिन्यांत पहिल्यांदा शब्द वरून खाली येत होते
आणि कुणी पडत नव्हतं.

वर टाक्यातलं पाणी गारठलेलं, हिरवट.
रेणूच्या तळव्यात निवडुंगाचा काटा,
तो काढायला अर्धा तास, आणि तिचा आक्रोश
अचलापर्यंत गेला असेल.
फोटो एकही नीट आला नाही.

सोमवारी जेवताना निषाद म्हणाला, "मीठ."
अविनाशनं सरकवलं.
मग म्हणाला, "धोडपची वाट कशी आहे रे?"

कपाटामागचे दांडे मी त्या रात्री
अजून थोडे आत सरकवले.